एनसी, एफआयआर, नोटीस, अटक: ज्येष्ठ नागरिक संघाच्या फलकावर नक्की काय लिहावं?

सिडकोकर

नमस्कार. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या फलकावर पोलीस ठाण्यातल्या कामकाजाविषयी एक पान लावायचं आहे. सभासदांकडून जी वाक्यं जमली ती जशीच्या तशी देते.

"गुन्हा जिथे घडला त्याच ठाण्यात तक्रार घेतात." "एनसी झाली म्हणजे केस झाली." "माणूस हरवला तर चोवीस तास थांबावं लागतं." "साठीच्या वरच्यांना पोलीस ठाण्यात बोलावताच येत नाही." "पोलिसांपुढे कशावरही सही करायची नाही." "शुक्रवारी संध्याकाळी उचललं की सोमवारपर्यंत आत."

यातलं खरं किती? जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता गेली, त्यामुळे नवे कलम क्रमांक दिलेत तर बरं होईल.

कोर्टआवार

ताई, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. खाली नुसतं 'कलम' म्हटलं की या संहितेचं समजा.

हद्दीची गोष्ट आधी. दखलपात्र गुन्ह्याची (ज्याचा तपास पोलीस न्यायालयाच्या आदेशाशिवाय करू शकतात) खबर कुठल्याही ठाण्याने घ्यायची आहे, हे आता कलम १७३ मध्येच लिहिलं आहे. निफाडच्या अलीकडे एसटीत दागिन्यांची पिशवी गेली आणि नाशिकच्या ठक्कर बाजार स्थानकावर उतरल्यावर कळलं, तर शहरातल्या ठाण्यात शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवता येतो. तिथून तो ग्रामीण पोलिसांकडे वर्ग होतो. तरी हद्दीचं ठाणं हाताशी असेल तर थेट तिथेच जा, असं मी सांगेन. कागद वर्ग होण्यात वेळ जातो आणि तेवढ्यात दुकानांच्या कॅमेऱ्यातलं चित्रण पुसलं जातं.

आता एनसी. लोकांची सर्वात जास्त फसगत इथे होते. एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, कलम १७४. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तिचा तपास करू शकत नाहीत. म्हणजे एनसीची प्रत घेऊन घरी बसलं तर पुढे काहीच होत नाही, आणि महिनाभराने 'पोलीस काही करत नाहीत' म्हणून ठाण्यात गेलात तर ठाणे अंमलदार कायद्याने बरोबर असतो. पुढे जायचं तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करून तपासाचा आदेश मागावा लागतो, किंवा तिथेच खासगी फिर्याद द्यावी लागते.

मारहाणीत हा फरक फार महागात पडतो. साधी दुखापत अदखलपात्र. हाड मोडलं, सांधा निखळला किंवा दात तुटला तर ती भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ प्रमाणे गंभीर दुखापत, म्हणजे दखलपात्र. म्हणून भांडण झाल्यावर ठाण्यातून मेडिकल यादी (तपासणीसाठी रुग्णालयाच्या नावे पोलिसांचं पत्र) मागून घ्या, त्याच दिवशी सिव्हिलमध्ये तपासणी करा आणि सूज असेल तिथला एक्स-रे काढायला सांगा. 'मुका मार' म्हणून एनसी झाली आणि चार दिवसांनी फ्रॅक्चर निघालं, तर तो अहवाल आधीच्या एनसीचा क्रमांक लिहून ठाण्यात द्या आणि पोहोच घ्या. नोंद बदलायला तोच आधार.

एफआयआरची प्रत फिर्यादीला आणि पीडिताला विनामूल्य मिळते. सही करण्याआधी फिर्याद वाचून घ्या. तारीख, वेळ, वस्तूंची संख्या, आरोपींची संख्या, एवढं तरी तपासा. पुढे पुरवणी जबाबात दुरुस्ती होते, पण उलटतपासणीत बचावाचा वकील पहिलं बोट तिथेच ठेवतो.

तक्रार घेतलीच नाही तर? लेखी अर्ज करा आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. शिक्काही मिळाला नाही तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने वरिष्ठांना पाठवा: नाशिक शहरात पोलीस उपायुक्तांना, ग्रामीणमध्ये पोलीस अधीक्षकांना. त्यानंतर कलम १७५(३) खाली न्यायालय. तिथे शपथपत्र लागतं आणि आधीच्या दोन्ही पायऱ्यांचा पुरावा लागतो. पोस्टाची पावती नाही म्हणून अर्ज अडकतात, ती जपून ठेवा.

एक सावधगिरी. तीन वर्षं ते सात वर्षांखालील शिक्षेच्या गुन्ह्यात उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीने पोलीस १४ दिवस प्राथमिक चौकशी करू शकतात. त्यामुळे 'चौकशी चालू आहे' हे उत्तर दर वेळी टाळाटाळ नसतं. परवानगी कुठल्या तारखेची आहे ते विचारा.

गोदाघाट

हरवलेल्या माणसाचं: चोवीस तासांचा असा कुठलाही नियम नाही. मुलगा किंवा मुलगी १८ वर्षांखालील असेल तर नुसती 'मिसिंग' नाही, अपहरणाचा गुन्हा नोंदवायचा असतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तसे निर्देश दिले आहेत. ठाण्यात जाताना अलीकडचा फोटो, अंगावरचे कपडे, मोबाइल नंबर आणि चालू औषधं लिहून न्या. विसराळूपणाचा आजार असलेल्या आजी-आजोबांच्या बाबतीत पहिले काही तास सगळ्यात मोलाचे असतात. ११२ ला आधी फोन लावा आणि मग घराबाहेर पडा.

साठीचा मुद्दा अर्धा खरा आहे. कलम १७९ प्रमाणे ६० वर्षांवरील पुरुष, १५ वर्षांखालील मुलगा, कोणत्याही वयाची स्त्री, दिव्यांग आणि गंभीर आजारी यांना जबाबासाठी ठाण्यात बोलावता येत नाही. पोलिसांनी घरी यायचं. स्वतःहून जायची तयारी असेल तर जाता येतं.

कोर्टआवार

इथे एक भर घालतो, नाहीतर फलकावर चुकीचं जाईल. १७९ फक्त साक्षीदाराला लागू आहे. ज्याच्यावर संशय आहे त्याला कलम ३५(३) ची नोटीस येते, आणि तिथे वयाचं कारण सांगून घरी बसता येत नाही. नोटिशीप्रमाणे हजर राहिलात तर त्या गुन्ह्यात सहसा अटक करता येत नाही. करायचीच तर अधिकाऱ्याला कारणं लिहून ठेवावी लागतात. गैरहजर राहिलात तर तेच अटकेचं कारण ठरू शकतं. साठीवरच्यांना संरक्षण आहे ते वेगळं: गुन्ह्याची शिक्षा तीन वर्षांपेक्षा कमी असेल आणि व्यक्ती ६० च्या वर किंवा दुर्बल असेल, तर उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय अटक नाही, कलम ३५(७).

नोटीस हाती आली की पहिल्यांदा कलम बघा, १७९ की ३५. व्हॉट्सॲपवर ३५ ची नोटीस बजावता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये स्पष्ट केलं आहे. तरी मेसेज आला तर दुर्लक्ष करू नका, ठाण्यात जाऊन लेखी नोटीस मागा. आणि व्हिडिओ कॉलवर 'डिजिटल अटक' नावाचा प्रकार कायद्यात कुठेही नाही. तो फोन तिथेच कापायचा, पैसे गेले असतील तर लगेच सायबर हेल्पलाइन १९३० ला फोन.

सिडकोकर

दोघांचे आभार. सहीचं आणि शुक्रवारचं राहिलं.

गोदाघाट

सहीबाबत फिरणारा मेसेज घातक आहे, कारण प्रत्येक कागदाचा नियम वेगळा आहे. तपासात साक्षीदाराचा जबाब लिहून घेतला तर त्यावर सही घ्यायचीच नाही, कलम १८१. फिर्यादीवर मात्र सही लागते. पंच असाल तर पंचनाम्यावर सही करायची, पण डोळ्यांदेखत जे घडलं तेवढ्यावरच. ठाण्यात बसून तयार केलेल्या किंवा कोऱ्या कागदावर कधीही नाही. झडती आणि जप्तीचं चित्रीकरण आता कलम १०५ ने बंधनकारक आहे, त्यामुळे पंच खरोखर हजर होते का ते दिसतं. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा होत नाही. मुख्य अपवाद हा: त्याच्या सांगण्यावरून एखादी वस्तू सापडली तर तेवढा भाग चालतो.

शुक्रवारची समजूत पूर्ण चूक. चोवीस तासांत, प्रवासाचा वेळ सोडून, न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभं करावंच लागतं. सुट्टीच्या दिवशीही रिमांडसाठी, म्हणजे कोठडी द्यायची का ते ठरवायला, न्यायालय असतं. घरच्यांनी करायची कामं अशी: किती वाजता आणि कुठून नेलं ते लगेच लिहून ठेवा. अटक पंचनाम्यावर नातेवाइकाची किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित व्यक्तीची साक्षीदार म्हणून सही असते, त्यावरची वेळ वाचून मगच सही करा. अटकेची कारणं लेखी आणि समजेल अशा भाषेत मागा. सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर २०२५ च्या निकालाप्रमाणे ती रिमांडच्या किमान दोन तास आधी हाती पडायला हवीत. कुठल्या ठाण्यात ठेवलंय ते कळत नसेल तर कलम ३७ खाली प्रत्येक ठाण्यात अटक केलेल्यांची यादी लावायची आहे, ती बघा. चौकशीदरम्यान वकिलाला भेटता येतं, मात्र पूर्ण वेळ शेजारी बसवता येत नाही. वकील परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयातलं विधी सेवा प्राधिकरण, किंवा फोन १५१००. कोठडीतल्या माणसाला मोफत वकिलासाठी उत्पन्नाची अट नाही.

स्त्रीला सूर्यास्त ते सूर्योदय अटक नाही. अपवादात्मक परिस्थितीत महिला अधिकाऱ्याने लेखी अहवाल देऊन न्यायदंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी घ्यायची.

पाथर्डीफाटा

फलकावर मोबाइलसाठी एक ओळ ठेवा. खिशातून काढून नेलेला फोन 'गहाळ' म्हणून लिहून दिला तर चोरीचा गुन्हा नोंदलाच जात नाही आणि तपासही नाही. खरंच चोरी असेल तर अर्जात 'चोरीला गेला' असंच लिहा. सोबत खरेदीचं बिल जोडा, कारण पहिल्यांदाच चोरी करणाऱ्याने पाच हजारांच्या आतली वस्तू नेली तर ती चोरी नव्या कायद्यात अदखलपात्र आहे. खोक्यावरचा आयएमईआय (प्रत्येक फोनचा वेगळा ओळख) क्रमांक लिहा, तक्रारीची प्रत घ्या, त्याच नंबरचं नवं सिम काढा आणि हरवलेले-चोरीचे फोन बंद करायच्या सरकारी सीईआयआर पोर्टलवर फोन ब्लॉक करा. ओटीपी त्या सिमवरच येतो, म्हणून सिम आधी.