तुमच्या घरात भाकरीची चपाती कधी झाली?

बार्शीची_लेक:
नमस्कार मंडळी, माहेर बार्शीकडचं, आता पुण्यात असते. आमची आजी तिन्ही त्रिकाळ ज्वारीच खायची, सकाळी शिळी भाकरी ताकात कुस्करून, दुपारी कालवणाबरोबर, रात्री कण्या नाहीतर परत भाकरी, आणि चपाती म्हणजे सणाला किंवा जावई आला तर. आईच्या वेळी सकाळी चपाती रात्री भाकरी असं झालं, कारण आमचे डबे असायचे, भाकरी दुपारपर्यंत कडक होते आणि वर्गातली पोरं हसायची हेही खरंय. मी लग्न झाल्यापासून फक्त चपातीच करते. आता वडील आमच्याकडे राहायला आलेत, त्यांना भाकरी लागते. परवा थापायला घेतली तर तिन्ही भाकऱ्या परातीतून उचलतानाच मोडल्या. ते काही बोलले नाहीत, तुकडे गोळा केले आणि दुधात घालून खाल्ले. मला रात्रभर झोप नाही. तुमच्याकडे हा बदल कधी झाला, आणि माझी भाकरी का मोडते, कोणीतरी सांगा.

माणदेशी_माणूस:
ताई, बदल कधी झाला ते माझ्या घरापुरतं सांगतो. ७२ च्या दुष्काळात मी नऊ वर्षांचा होतो, आईवडील दुष्काळी कामावर खडी फोडायला. तिथं सुकडी, म्हणजे मजुरांना वाटायचा सुका पौष्टिक खाऊ, मिळायची आणि रेशनला मिलो, अमेरिकेची लाल ज्वारी, तिची भाकरी घशाखाली उतरायची नाही, पण दुसरं होतं काय. हायब्रीड ज्वारी त्याआधीच आलेली, १९६४ ला सीएसएच-१ हे पहिलं हायब्रीड वाण निघालं, तिनं पोटं भरली हे मी कधीच नाकारणार नाही, पण खरिपाचं पीक, काढणीत पाऊस लागला की दाणा काळा पडायचा आणि भाकरीला तसाच वास. मला नोकरी लागली तेव्हा पहिल्या पगारात गव्हाचं पोतं घरी नेलं. आई त्या पोत्यावर नुसती हात फिरवत बसली होती. म्हणून शहरात जाऊन लोकांनी भाकरी टाकली असं कोणी म्हटलं की मला लागतं. आमच्या आयांनी चपातीची वाट बघितलीय हो.

मंगळवेढ्याचं_रान:
काका बरोबर बोललात. आता शेतकऱ्याच्या बाजूनं सांगतो. रब्बीची ज्वारी ताटं उपटून काढावी लागते, दिवसभरात हाताला फोड येतात, आधी पाखरं राखायला माळ्यावर गोफण घेऊन बसायचं ते वेगळंच, मजूर मिळत नाही आणि घरची पोरं कामाला राहिली नाहीत. त्यात जनावरं कमी झाली की कडब्याचंही मोल जातं. पाणी आलं तिथं लोक ऊसाकडे गेले, खरिपात सोयाबीन. मग पेरा कमी झाला आणि जी ज्वारी गरिबाची होती ती आता गव्हापेक्षा महाग. आमच्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, २०२३ ला भरडधान्य वर्ष झालं, चांगलंच झालं, पण उपटायला माणूस पाहिजे ना. ताई, घेताना मालदांडी मागा, हे रब्बी ज्वारीचं वाण आहे, दाणा टपोरा, मोत्यासारखा पांढरा असतो.

सावंतवाडी:
आमच्याकडे ज्वारी नव्हतीच कधी, तांदळाची नाहीतर नाचणीची भाकरी आणि सकाळी पेज. पेज गेली आणि चहा बिस्कीट आलं, हाच आमचा मोठा बदल. आजोबा पेज पिऊन थेट शेतात जायचे.

परातवाली:
अगं मोडते कारण पिठाची विरी, म्हणजे धरून राहायची ताकद, गेली असणार. ज्वारीचं पीठ गव्हासारखं महिनाभर ठेवून चालत नाही, आठ-दहा दिवसांचंच दळून आण. गव्हासारखा चिकटपणा त्यात नसतो म्हणून पाणी चांगलं गरम घ्यायचं आणि एका वेळी एकाच भाकरीचं पीठ, तळहातानं रगडून रगडून मळायचं, कडा फाटेनाशा झाल्या की समज झालं. परातीत खाली कोरडं पीठ भुरभुरव, थापताना भाकरी आपोआप फिरली पाहिजे. तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर, त्यावर लगेच पाण्याचा हात फिरव, ते पाणी पूर्ण वाळायच्या आत उलटायची, उशीर झाला की तडे गेलेच. मग थेट आचेवर. माझ्याही पहिल्या महिन्यात सगळ्या मोडायच्या, सासूबाई शेजारी बसून रोज एक थापून दाखवायच्या.

बार्शीची_लेक:
परातवाली ताई, पिठाचंच कारण निघालं, डबा दीड महिन्याचा होता. ताजं दळून आणलं, काल पाच केल्या, दोन मोडल्या, दोन जाडसर, आणि एक टम्म फुगली. वडलांनी फुगलेलीचा पापुद्रा सोलला, आत तेल, मीठ, चटणी लावली आणि अर्धी माझ्या लेकाला दिली, त्यानं दुसरी मागितली. माणदेशी काका, तुमचं पोत्याचं वाचून आईला फोन केला, तीही ७२ ला सुकडी खाल्लेली निघाली, मला कधी बोलली नव्हती. मंगळवेढ्याचे दादा, दहा किलो मालदांडी हवी आहे, पुण्यापर्यंत पोचवता का?