मदत हवी आहे : 'धुरा' आणि 'बांध' एकच का?

मंडळी, आमच्याकडे यवतमाळ जिल्ह्यात दोन वावरांमधल्या हद्दीला धुरा म्हणतात. बोरी-बाभळी, गवत, सगळं धुऱ्यावर. पुस्तकात 'घराची धुरा सांभाळली' वाचून मुलीनं विचारलं, बाबा, घराले बी धुरा असते का? ती धुरा स्त्रीलिंगी, संस्कृतातली, बैलाच्या जुवाशी नातं असलेली. धुरंधर, धुरीण तिथलेच, एवढं सांगितलं. पण आमचा धुरा पुल्लिंगी! तो त्याच शब्दातून आला की वेगळा?

आणखी एक. भंडारा-गोंदियाकडे धानाच्या तुकड्याला बांधी म्हणतात. मग तिथे हद्दीला काय म्हणता, धुरा की बांध? दोन्ही शब्द वापरत असाल तर कृपया एकेक वाक्य लिहून पाठवा. मुलीच्या वहीत उतरवायचं आहे.