चिचेन इत्झा: पहाटे पाचची बस आणि ७१ वर्षांचे बाबा (मदत हवी आहे)

पाटवडी:

मंडळी, नमस्कार. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही पाच जण डॅलसहून मेक्सिकोत कानकूनला चाललोय. मी, नवरा, दहा वर्षांचा मुलगा आणि सांगलीहून आलेले माझे आई-बाबा. हॉटेल, समुद्र वगैरे ठरलंय. अडलंय ते एका दिवसावर, चिचेन इत्झावर, म्हणजे तिथल्या प्राचीन माया लोकांच्या नगराच्या अवशेषांवर.

टूरवाले म्हणतात पहाटे पाचला हॉटेलच्या दारातून उचलू, गर्दीच्या आधी पोचवू, सोबत गाईड, मग कुंडात पोहणं, जेवण आणि संध्याकाळी परत. ऐकायला छान आहे. पण बाबा ७१ वर्षांचे, गुडघे कुरकुरतात. शिवाय दोन कप चहा आणि त्यानंतरचा सगळा कार्यक्रम झाल्याशिवाय ते उंबरठा ओलांडत नाहीत. पाचला बस म्हणजे त्यांना साडेतीनला उठावं लागणार. आई पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही. मुलाला पिरॅमिडवरून उतरणारा सावलीचा साप बघायचाय, शाळेत कुठलीशी चित्रफीत दाखवली होती.

तर प्रश्न असे. इतक्या पहाटे निघण्यात खरंच अर्थ आहे का? बाबांना झेपेल का? गाईड घ्यावा की आपलं आपण फिरावं? आणि आई-बाबांकडे अमेरिकेचा पर्यटक व्हिसा आहे, मेक्सिकोचा वेगळा काढावा लागतो का?

रानजाई:

व्हिसाचं आधी. पासपोर्टवर अमेरिकेचा चालू मुदतीचा व्हिसा असेल तर भारतीयांना मेक्सिकोचा वेगळा लागत नाही. तुमचा स्वतःचा व्हिसाही पासपोर्टवर छापलेला हवा, नुसता मंजुरीचा कागद दाखवून चालत नाही. आणि परत अमेरिकेत शिरायचंय, तेव्हा आई-बाबांचा व्हिसा अनेक प्रवेशांचा आहे ना ते बघून घ्या.

आता पहाटेचं. यात एक गोम आहे आणि टूरवाले ती सांगत नाहीत. कानकून ज्या राज्यात आहे त्या किंताना रूचं घड्याळ चिचेन इत्झाच्या युकातान राज्याच्या एक तास पुढे असतं. अवशेषांचं फाटक सकाळी आठला उघडतं ते युकातानच्या आठला, म्हणजे कानकूनच्या नऊला. रस्ता साधारण २०० किलोमीटर, अडीच तास. हिशेब तुम्हीच करा. स्वतःची गाडी असेल तर कानकूनहून सहाला निघूनसुद्धा अर्धा तास आधी फाटकाशी उभे राहाल. बस पाचला येते कारण तिला आणखी आठ हॉटेलांतून माणसं गोळा करायची असतात. तुम्ही पहिले चढलात तर पुढचा तास-दीड तास कानकूनच्या हॉटेलांची दारं बघायची.

घाटमाथा:

रानजाईंना अनुमोदन. मी दोन वर्षांपूर्वी अशाच एका टूरने गेलो होतो, नाव घेत नाही. 'सर्वांत आधी प्रवेश' असं जाहिरातीत होतं. वाटेत बस एका भल्यामोठ्या दुकानात थांबवली आणि पाऊण तास आम्हाला चांदी, काळ्या काचदगडाच्या मूर्ती आणि आपल्या जन्मतारखेचं माया चिन्ह कोरलेली पदकं दाखवली. फाटकाशी पोचलो तेव्हा साडेदहा वाजले होते आणि रांग पार वाहनतळापर्यंत आलेली. बुक करण्याआधी लेखी विचारा: अवशेष आधी की दुकान आधी? उत्तरात आढेवेढे घेतले तर समजून जा.

कोकमसार:

मला कळत नाही, सुट्टीत साडेतीनला उठून दगड बघायला कशाला जायचं. दुपारी जा की. तीननंतर बसगाड्या परततात, मोकळं असतं.

रानजाई:

कोकमसार, दुपारी मोकळं असतं हे खरं, पण चारनंतर आत सोडत नाहीत आणि पाचला बाहेर काढतात. एवढा मोठा पसारा, मुख्य चौकात सावली नावाला नाही. डिसेंबर असला तरी दुपारचं ऊन डोक्यात जातं. सकाळी मात्र चक्क गार असतं, आईंना शाल लागेल. आणि रविवार टाळा. त्या दिवशी मेक्सिकोच्या नागरिकांना प्रवेशात सवलत असते, अख्खी गावं लोटतात.

भिंगरी_मावशी:

पाटवडी, बाबांच्या गुडघ्यांची काळजी करू नका हो. चढायचंच नाहीये! पिरॅमिडवर चढायला २००६ पासून बंदी आहे. बाकी जागा सपाट, पायवाट पांढऱ्या चुनखडीच्या मातीची. आम्ही सासूबाईंना काठी घेऊन फिरवलं, दोन तासांत मुख्य मुख्य सगळं झालं. गुडघ्यांना खरा त्रास टूरमधल्या त्या पोहायच्या कुंडात आहे. इक किल त्याचं नाव, तिथे पाणी जमिनीपासून पंचवीसेक मीटर खाली, उतरायला दगडी जिना, पायऱ्या ओल्या. बाबांना वरच्या कठड्यावरूनच बघू द्या, वरूनही सुंदर दिसतं: वेलींच्या मुळ्या सरळ पाण्यापर्यंत लोंबतात. पोहणाऱ्यांना आधी शॉवर घ्यावा लागतो आणि लाइफ जॅकेट घालावं लागतं. मुलाला आधीच सांगून ठेवा, नाहीतर ऐनवेळी तोंड वाकडं होतं.

आईंच्या जेवणाचं जरा सांभाळा. बुफेत भाज्या असतात, पण काळ्या घेवड्याच्या उसळीत बऱ्याचदा डुकराची चरबी असते आणि भात कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला असू शकतो. 'सिन कार्ने, सिन मांतेका' हे चार शब्द पाठ करून घ्या: मांस नको, चरबी नको. मक्याची टॉर्टिया म्हणजे आपली मक्याची भाकरीच, ती बिनधास्त. सोबत मेथीचे ठेपले न्याच. हाबानेरो मिरचीच्या चटणीला मात्र ठेचा समजून हात घालू नका, आमच्या कोल्हापूरच्या दिरांचा गर्व तिथेच उतरला. आणि लाल सरबत दिसलं, आग्वा दे हमाइका, तर आवर्जून घ्या. लाल अंबाडीच्या फुलांचं असतं.

गणितवेडा:

मुलासाठी वाईट बातमी: डिसेंबरात साप दिसणार नाही. ती सावली मार्चच्या २०-२१ आणि सप्टेंबरच्या २२ च्या आसपास पडते, आणि तीही मावळतीकडे कललेल्या उन्हात, सकाळी नाही. आपल्या अंबाबाईच्या किरणोत्सवासारखं, ठरलेल्या दिवशी ठरलेल्या वेळेलाच. पण उत्तरेच्या जिन्याच्या पायथ्याशी दगडी सापांची तोंडं बाराही महिने असतात.

त्याला दुसरं काम द्या. चारही बाजूंना ९१ पायऱ्या, वर देवळाची एक, बेरीज ३६५. पिरॅमिडचे टप्पे नऊ, पण जिना मधून गेल्यामुळे प्रत्येक बाजूला अठरा तुकडे होतात. मायांच्या वर्षात वीस दिवसांचे अठरा महिने आणि वर अशुभ मानलेले पाच दिवस. हे आधी न सांगता त्याला मोजायला लावा. आणि जिन्यासमोर उभं राहून जोरात टाळी वाजवायला सांगा. परत येणारा आवाज टाळीचा नसतो, पाखरानं चिवचिवावं तसा येतो. क्वेत्साल पक्ष्यासारखा, असं तिथले लोक म्हणतात. पायऱ्यांवरून आवाज एकामागून एक परततो म्हणून तसं होतं. बांधणाऱ्यांनी मुद्दाम केलं की आपोआप झालं, यावर वाद आहेत.

गाईड घ्याच. फाटकाशी परवानाधारक मिळतात, माणशी नाही तर गटाचे पैसे घेतात, पाच जणांत परवडतं. फक्त नरबळीच्या कथा जरा गाळून घ्या. सुंदर कुमारिकांना तिथल्या पवित्र कुंडात ढकलायचे हे अजूनही रंगवून सांगतात. पवित्र कुंडाजवळच्या एका भूमिगत टाकीत सापडलेल्या ६४ जणांच्या हाडांची जनुकीय तपासणी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. सगळेच्या सगळे मुलगे निघाले, त्यांत जुळ्यांच्या दोन जोड्या.

पाटवडी:

बाप रे, एका रात्रीत एवढी उत्तरं! सगळ्यांचे मनापासून आभार. घड्याळाची गोम वाचून नवरा खूश, त्याला आधीपासून गाडीच घ्यायची होती. बाबांना सगळं वाचून दाखवलं. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत. पिरॅमिडबद्दल काही बोलले नाहीत. फक्त विचारलं, "जवळ नदी कुठली?" नकाशा उघडला तर एकही दिसेना. हे कसं काय?

गणितवेडा:

बाबांना माझा नमस्कार सांगा, बरोब्बर जागी बोट ठेवलं. उत्तर युकातानमध्ये जमिनीवर नद्याच नाहीत. सगळा चुनखडीचा खडक, पाऊस पडला की मुरून खाली जातो आणि पाणी भुयारांतून वाहतं. भुयाराचं छत जिथे कोसळलं तिथे कुंड झालं, त्यालाच सेनोटे म्हणतात. आपल्या काळ्या कातळाच्या अगदी उलट प्रकार. चिचेन इत्झा या नावाचा अर्थच 'इत्झा लोकांच्या विहिरीच्या तोंडाशी' असा आहे.

रानजाई:

मग माझं ऐका आणि आदल्या रात्री बायादोलिदला मुक्काम करा. जुनं स्पॅनिश गाव आहे, चिचेन इत्झापासून पाऊण तासावर, घड्याळही युकातानचंच. बाबांचा चहा, कार्यक्रम, सगळं निवांत होईल. आणखी एक: डिसेंबरात कानकूनला सूर्य सव्वासातच्या पुढे उगवतो. तिथून पहाटे निघालात तर बराच रस्ता अंधारात. टोलचा महामार्ग महाग आहे पण सरळ आहे. फुकटचा रस्ता गावागावांतून जातो आणि गतिरोधक असे की आपल्याकडचे बरे वाटावेत.

तिकिटं दोन असतात, एक केंद्राच्या पुरातत्त्व खात्याचं आणि एक राज्याचं. एकच घेऊन फाटकाशी गेलात तर परत पाठवतात. वाहनतळाला सुटे पेसो ठेवा. ड्रोन आणि तिपाई घरीच.

घाटमाथा:

आणि नऊनंतर विक्रेते मांडामांड करतात. वाटेच्या दोन्ही बाजूंना मुखवटे, शाली, आणि जग्वारसारख्या गुरगुरणाऱ्या शिट्ट्या. मुलाला घेऊन जाताय म्हणजे एक शिट्टी घरी येणार, हे धरूनच चला.

पाटवडी:

(परत आल्यावर)

जाऊन आलो! उशिरा लिहितेय, पण धागा अर्धवट सोडायला नको.

बायादोलिदला राहिलो. नवऱ्याच्या फोनने हद्द ओलांडल्यावरही कानकूनचीच वेळ धरून ठेवली होती, त्यामुळे साडेपाचचा गजर साडेचारलाच वाजला. मी चिडले, पण बाबांना तो तास वरदान ठरला. खोलीतल्या किटलीवर घरून आणलेली चहाची भुकटी, दोन कप, पुढचं सगळं यथासांग. सातला आम्ही गाडीत. फाटकाशी पोचलो तेव्हा पुढे चाळीसेक माणसं होती.

आठला आत सोडलं. झाडांमधली वाट संपते आणि एकदम समोर तो. मी फोटो खूप पाहिले होते, तरी पाय थांबले. चौक रिकामा, गवतावर दव, पूर्वेच्या बाजूवर कोवळं ऊन आणि पश्चिमेचा जिना अजून सावलीत. मुलानं एका बाजूच्या पायऱ्या दोनदा मोजल्या, एकदा ८९ आल्या, एकदा ९३. मग टाळी वाजवली. आवाज परत आला तशी आईच दचकली. नंतर पाच मिनिटं ती एकटीच टाळ्या वाजवत होती, आरतीला उभी असल्यासारखी. बाबांचं मनगटी घड्याळ अमेरिकेत आल्यापासून भारताच्याच वेळेवर आहे. ते बघून म्हणाले, "साडेसात. सांगलीत बातम्या लागल्या असतील."

चेंडूच्या मैदानाच्या भिंतीवर एका खेळाडूचं मुंडकं उडालंय आणि मानेतून रक्ताऐवजी साप निघालेत, असं कोरलंय. मुलाला अर्थातच ते सगळ्यात आवडलं. आमचा गाईड स्वतः माया, घरात मायाच बोलतो. बाबांनी माझ्याकरवी त्याला विचारलं: कुंडात माणसं टाकायची, मग प्यायला पाणी कुठलं? गाईड हसला. म्हणाला, इतक्या वर्षांत फार थोड्यांनी हे विचारलं. मग वाट सोडून दाखवायला घेऊन गेला: दुसरं एक कुंड आहे, श्तोलोक, झाडीत दडलेलं. ते पिण्याचं. पवित्र कुंड वेगळं, तिथे जायला खास बांधलेला पांढरा रस्ता. बाबा त्या पवित्र कुंडाच्या काठावर बराच वेळ उभे होते. हिरवंगार पाणी, खूप खाली. त्यांनी एक खडा उचलला, टाकावा की नाही असं करत परत खिशात ठेवला.

साडेदहाला निघालो तेव्हा टूरच्या बसगाड्या येत होत्या. ठेपल्यांनी तारलं. इक किलला नवरा आणि मुलगा उतरले, आम्ही तिघं वर. शिट्टी घरी आलीच, घाटमाथा, आणि सध्या फ्रिजच्या वर ठेवलीय.

आता बाबांची नवी शंका: त्या चुनखडीत आजची गावं पाण्याला किती खोल खणतात, आणि वरचा मैला खाली मुरत नाही का? ते रोज सकाळी विचारताहेत कोणी उत्तर दिलं का म्हणून. इथे कोणी भूजलवाले आहेत का?