शब्दचर्चा: जॅक पुडिंग

सतराव्या शतकातल्या लंडनवरचा एक लेख मराठीत आणतेय. त्यात जत्रेतल्या विदूषकाला 'जॅक पुडिंग' म्हटलंय. हे कस्टर्डच्या भावकीतलं पुडिंग, की काही शिवीबिवी आहे?

– कस्टर्ड डोक्यातून काढा! त्या काळचं पुडिंग म्हणजे आतड्यात रक्त, चरबी वगैरे भरून शिजवलेला प्रकार, आपल्या वजडी-रक्तीच्या नात्यातला. जॅक हे जॉनचं घरगुती नाव. आपल्या विनोदांतल्या बंड्यासारखं, कुणालाही चिकटणारं. लंडनच्या स्मिथफील्डला ऑगस्टमध्ये बार्थोलोम्यूची जत्रा भरायची, ती १८५५ पर्यंत चालली. असल्या जत्रांत भोंदू वैद्य फळ्यांच्या मंचावर उभा राहून औषधं विकायचा आणि गर्दी जमवायचं काम या जॅक पुडिंगकडे.

– यात माझी भर. इंग्रज निबंधकार जोसेफ ॲडिसननं १७११ साली 'स्पेक्टेटर' या नियतकालिकात लिहिलंय की, लोकांचं या विदूषकांवर इतकं प्रेम की त्यांना खाऊन टाकावंसं वाटतं, म्हणून जो तो देश त्याला आपल्या आवडत्या पदार्थाचं नाव देतो. हॉलंडात खारवलेला हेरिंग मासा, इटलीत मॅकरोनी, फ्रान्समध्ये झाँ पोताज, म्हणजे 'जॉन सूप'. जर्मनांचा हान्सवुर्स्ट घ्या: हान्स म्हणजे पुन्हा जॉनच, वुर्स्ट म्हणजे सॉसेज. इंग्रजीतला 'झेनी'सुद्धा मूळचा जॉनच बरं का. जोव्हान्नीचं व्हेनिसकडचं लाडकं रूप झान्नी, आणि तिथल्या मुखवट्यांच्या नाटकांतल्या नोकराचं हेच नाव. इंग्रजीत आल्यावर झेनी झाला विदूषकाचा हाताखालचा माणूस, उस्तादाची वेडीवाकडी नक्कल करणारा. थोडक्यात, मदाऱ्याचा जमुरा. आज त्याचं विशेषण होऊन 'वेडगळ, तऱ्हेवाईक' एवढाच अर्थ उरलाय.

– खादाडपणात आपला विदूषकही कमी नाही. कालिदासाच्या 'विक्रमोर्वशीय' नाटकात चंद्र उगवतो तर याला त्यात मोदक दिसतो! मग 'विदूषक' म्हणायला काय हरकत आहे?

– हरकत आहे. तो राजाचा मित्र, ब्राह्मण, राजवाड्यात वावरणारा. जॅक पुडिंग चिखलातल्या जत्रेचा. त्याला 'सोंगाड्या' जवळचा, पण सोंगाड्या म्हटलं की तमाशाचा फड डोळ्यांपुढे येतो. आणि नावातलं खाणं दोन्हीकडे हरवतं ते वेगळंच.

– पटलं. मग नाव 'जॅक पुडिंग' असंच ठेवते. पहिल्यांदा येईल तिथे 'वैद्याच्या मंचावरचा सोंगाड्या' एवढं जोडते. 'बंड्या रक्ती' लिहायचा मोह होतोय, पण संपादक ठेवणार नाहीत.