मदत हवी आहे: कोपर दुखतंय, तीन आठवड्यांवर स्पर्धा

शटलवाला
टेनिस एल्बो झालाय. क्लबची बॅडमिंटन डबल्सची स्पर्धा तोंडावर आलीये आणि पार्टनर आत्ताच तोंड पाडून बसलाय. बर्फ झाला, मलम झालं. आठ दिवस सुट्टी घेऊन काल उतरलो. पहिला गेम बरा गेला, दुसऱ्यात पुन्हा तेच. लवकर बरं होईल असं काहीतरी सांगा. 'विश्रांती घ्या' सांगणाऱ्यांनी दुसरा धागा बघावा.

आजीचा बटवा
निर्गुडीचं तेल कोमट करून चोळा आणि वर एरंडाचं पान बांधा. आमच्या सासूबाईंचा गुडघा याच्यावरच राहिला.

फिजिओताई
सासूबाई स्मॅश मारत नसाव्यात. :)
शटलवाला, दुखतंय नेमकं कुठे? कोपराच्या बाहेरच्या हाडाशी की आतल्या? आत असेल तर तो गोल्फर्स एल्बो. बोटांना मुंग्या येतात का? येत असतील तर मानही तपासायला हवी. किती दिवस झाले? निदान कोणी केलं?

शटलवाला
बाहेरच्या. मुंग्या नाहीत. दीडेक महिना झाला. निदान मीच केलं, नेटवर वाचून. सकाळी दुधाचं पातेलं सांडशीने उचललं की अशी कळ येते की विचारू नका. बाटलीचं झाकणही बायकोकडून उघडून घेतो.

बॅकहँड बंड्या
सरळ स्टेरॉइडचं इंजेक्शन घ्या. मी घेतलं, आठवड्याभरात कोर्टवर.

फिजिओताई
आणि पुढे?

बॅकहँड बंड्या
पाच महिन्यांनी परत सुरू झालं. पण तो भाग वेगळा.

फिजिओताई
वेगळा कसा, तोच तर भाग आहे. इंजेक्शननंतरचे पहिले काही आठवडे मस्त जातात, पण वर्षभराने बघितलं तर इंजेक्शन न घेतलेलेच जास्त बरे असतात. मनगट मागे वळवणारा स्नायू हाडाला जिथे चिकटतो, तिथली कंडरा खराब झालेली असते. सूज हा त्यातला छोटा भाग. म्हणून नुसत्या विश्रांतीनेही भागत नाही, तिला हळूहळू भाराची सवय लावावी लागते.
हात टेबलावर, तळवा खाली, मनगट कडेच्या बाहेर. हातात पाण्याची लिटरची बाटली. आधी नुसती उचलून धरायची, ३०-४५ सेकंद, चार-पाच वेळा. ते जमलं की दुसऱ्या हाताने मनगट वर करून द्यायचं आणि दुखऱ्या हाताने अगदी सावकाश खाली सोडायचं, १५ चे तीन सेट. थोडं दुखलं तर चालेल. दुसऱ्या दिवशी वाढलं तर बाटलीतलं पाणी कमी करा. सहा ते बारा आठवडे लागतात.

शटलवाला
बारा आठवडे?? अहो, स्पर्धा तीन आठवड्यांवर आहे!

मिड-ऑन
सचिनलाही झाला होता की. २००४ ला, डाव्या कोपराला. २००५ च्या मे महिन्यात लंडनला ऑपरेशन आणि ऑक्टोबरमध्ये नागपूरला श्रीलंकेविरुद्ध ९३!

बॅकहँड बंड्या
जड बॅटमुळे झाला तो.

मिड-ऑन
जड बॅट तो आधीपासूनच वापरायचा. मग आधी का नाही झाला?

चिंचेचं झाड
माझी मुलगी आठ वर्षांची आहे. तिला कोणती रॅकेट घेऊ?

गटिंगवाले काका
मुलीला हलकी घ्या, सैल गटिंगची, म्हणजे तारा कमी ताणलेली. शटलवाला, तुमच्या गटिंगचं टेन्शन किती? एवढ्यात वाढवलंत का?

शटलवाला
२४ होतं, नव्या रॅकेटला २८ पौंड घेतलं. पण ते तर तीन महिन्यांपूर्वी. दुखायला लागलं गणपतीच्या आसपास. हॉलला रंग मीच दिला, चार दिवस भिंती पॉलिश पेपरने घासत होतो. त्याचा काही संबंध?

फिजिओताई
हे आता सांगताय?

गटिंगवाले काका
मुठी आवळून चार दिवस घासकाम, त्यात २८ पौंड. आधी २३ वर या. ग्रिपही बघा, बारीक असेल तर मूठ जास्त आवळली जाते. आणि पट्टा लावणार असाल तर दुखऱ्या हाडावर नको, त्याच्या दोन बोटं खाली.

फिजिओताई
पट्ट्याने त्या दिवशी बरं वाटतं, इतकंच. एकदा हात कोणाला तरी दाखवून निदान पक्कं करा. आणि स्पर्धेत उतरलातच तर डबल्सला नेटवर राहा, मागचे स्मॅश पार्टनरला द्या.

शटलवाला
पार्टनरला विचारलं. म्हणाला, "मागे मी गेलो तर पुढे तू काय करणार, शोभेला उभा राहणार?" बाटली आजपासून सुरू केलीये. सांडशी डाव्या हाताने धरून बघितली, अर्धं दूध ओट्यावर.

चिंचेचं झाड
काका, हलकी म्हणजे किती ग्रॅमची?