मदत हवी आहे: स्टोरेज नेटवर्कची आयएसएल (स्विच-ते-स्विच लिंक) ३० टक्केच भरलेली, तरी लेटन्सी (उत्तर यायला लागणारा वेळ) ४० मिलिसेकंद. अडतंय कुठे?

रात्रपाळी: बॅकअप सुरू झाला की डेटाबेसची रीड लेटन्सी २ वरून ४० मिलिसेकंदांवर जाते. स्टोरेज निवांत, आयएसएल ३० टक्के, ग्राफमध्ये काही लाल नाही. काय बघू? आज रात्री पुन्हा तेच होणार.

झोनकर: स्विच कुठले? कोण कुठल्या स्विचवर? एचबीए (सर्व्हरमधलं स्टोरेज नेटवर्कचं कार्ड) किती जीचे (गिगाबिटचे)?

जंबो९०००: एमटीयू (इथरनेट पॅकेटचा कमाल आकार) ९००० करा, मधल्या स्विचवरही विसरू नका.

झोनकर: आयएसएल म्हणतायत म्हणजे एफसी (फायबर चॅनेल, इथरनेट नव्हे) आहे. फ्रेमचा (डेटाच्या पाकिटाचा) पेलोड जास्तीत जास्त २११२ बाइट, तिथे एमटीयूचा काय संबंध?

रात्रपाळी: एफसीच. ब्रोकेडचे स्विच. स्टोरेजचे ३२जीचे ४ पोर्ट कोअरवर (मधला स्विच), बॅकअप आणि डेटाबेस एकाच एजवर (सर्व्हर जोडायचा स्विच). आयएसएल १६जीच्या २, ट्रंक (दोन्ही मिळून एक लिंक).

ट्रंकवाला: आणखी २ आयएसएल टाका, विषय संपला.

क्रेडिटशून्य: थांबा. टक्केवारी फक्त गेलेला डेटा दाखवते, खोळंबा नाही. बॅकअप चालू असताना कोअरवरच्या ट्रंक पोर्टवर पोर्टस्टॅट्सक्लिअर (काउंटर शून्य करणारी कमांड), ६० सेकंदांनी पोर्टस्टॅट्सशो (काउंटर दाखवणारी). त्यात टिम_टीएक्ससीआरडी_झेड हा काउंटर बघा. क्रेडिट (पुढची फ्रेम पाठवायला समोरच्याने दिलेली परवानगी) शून्य असताना दर २.५ मायक्रोसेकंदाला तो १ ने वाढतो, म्हणजे मिनिटाला कमाल २.४ कोटी. हेच बॅकअप सर्व्हरच्या एफ-पोर्टवरही (सर्व्हर जोडलेला स्विचचा पोर्ट) करा. आणि एचबीएचं उत्तर अजून आलेलं नाही.

रात्रपाळी: ट्रंक १.८ कोटी. एफ-पोर्ट १२ हजार, वेग ७९० एमबी प्रतिसेकंद. बॅकअपचा एचबीए ८जी, डेटाबेसचा १६जी.

झोनकर: मिनिटातले ४५ सेकंद क्रेडिट नाही! स्लो ड्रेन (सर्व्हरच फ्रेम हळू घेतोय). बॅकअप सर्व्हर क्वारंटाइन करा.

क्रेडिटशून्य: स्लो ड्रेन असता तर एफ-पोर्टवर हा आकडा मोठा आणि वेग कमी दिसला असता. इथे उलट आहे. सर्व्हर क्रेडिट वेळेवर परत देतोय, पण ८जी लिंक ८०० च्या आसपास भरली आहे. ३२जीच्या पोर्टांवरून त्याहून वेगाने डेटा येतो, एजचे बफर तुंबतात, एज कोअरला क्रेडिट देत नाही, आणि त्याच व्हीसीत (लिंकमधली आभासी रांग) मागे उभ्या डेटाबेसच्या फ्रेम अडकतात. ट्रंक रुंद केली तरी ८जीचं तोंड तेवढंच राहतं.

ट्रंकवाला: बॅकअपला वेगळी आयएसएल दिली तर?

क्रेडिटशून्य: त्याने डेटाबेस सुटेल, हे मान्य. पण आधी स्टोरेजवर बॅकअपला ६०० एमबी प्रतिसेकंदाची होस्ट लिमिट (त्या सर्व्हरपुरती वेगमर्यादा) लावा, नाहीतर समांतर स्ट्रीम (एकाच वेळी चालणारे बॅकअपचे प्रवाह) कमी करा. कायमचा उपाय १६जी किंवा ३२जी एचबीए. डेटाबेसच्या झोनच्या (कोण कोणाशी बोलू शकतो ते ठरवणारा गट) नावाआधी क्यूओएसएच_ लावलं तर त्याला वेगळे व्हीसी मिळतात, मात्र आयएसएलवर क्यूओएस (ट्रॅफिकला प्राधान्य देण्याची सोय) चालू हवं.

शिस्तप्रिय: झोनमध्ये एकच इनिशिएटर (स्टोरेजकडे डेटा मागणारा सर्व्हरचा पोर्ट) ठेवता ना? सगळ्यात आधी ते तपासा.

झोनकर: ते विचारलंच नाहीये. रात्रपाळी, एचबीए बदलला की ट्रंकचा आकडा पुन्हा घ्या. १६जीवर बॅकअप दुप्पट ओढेल आणि तेव्हा ट्रंक खरंच भरू शकते.

रात्रपाळी: ६०० ची लिमिट लावली. लेटन्सी ३, ट्रंकचा आकडा मिनिटाला ४० हजार. बॅकअप मात्र तासभर लांबला, स्ट्रीम १६ आहेत. ते किती ठेवू?