विल्यम कॅरीचा तक्ता करतोय, कॉलेज आणि सालांचा घोळ सोडवा

नौपाडाकर
२७ फेब्रुवारीला ठाण्यात आमच्या वाचनालयात मराठी छपाईवर छोटं प्रदर्शन आहे. त्यात विल्यम कॅरीचा एक तक्ता, दोन बाय तीन फूट, मजकूर दीडशे शब्दांत. कच्चा मसुदा असा: ‘बॅप्टिस्ट धर्मोपदेशक. १८०१ मध्ये श्रीरामपूर कॉलेज काढले. १८०५ मध्ये पहिले मराठी व्याकरण लिहिले, तेही मोडीत.’ काय काय चुकलंय? शिवाय एक मोडी शब्द मोठा छापायचाय.

कोलशेतचा वाचक
पहिलं वाक्य ठेवा, बाकी बदला.

दोन कॉलेजं एकत्र झालीत. फोर्ट विल्यम कॉलेज १८०० चं, १८०१ हे कॅरी तिथे शिकवायला लागल्याचं साल. ते कॉलेज कलकत्त्याला ईस्ट इंडिया कंपनीच्या गोऱ्या अधिकाऱ्यांसाठी होतं. तिथे कॅरी नोकरीला होता, आधी बंगाली, पुढे संस्कृत आणि मराठी शिकवायला. पगार त्याच्या बॅप्टिस्ट मिशनच्या सामाईक खात्यात जाई. श्रीरामपूरचं कॉलेज त्याने मार्शमन आणि वॉर्ड या सहकारी मिशनऱ्यांबरोबर १८१८ मध्ये काढलं. डेन्मार्कच्या राजाची पदव्या देण्याची सनद १८२७ ची, पण धर्मशास्त्राच्या पदव्या प्रत्यक्षात १९१५ पासून. म्हणून ‘१८२७ पासून पदव्या’ असंही लिहू नका.

श्रीरामपूरपुढे ‘हुगळीकाठचे, बंगाल’ टाकाच. नाहीतर निम्मे लोक नगर जिल्ह्यातलं समजतील! गाव तेव्हा डेन्मार्ककडे होतं. कंपनी आपल्या हद्दीत मिशनऱ्यांना थारा देईना, म्हणून १८०० च्या जानेवारीत कॅरी तिथे गेला.

मोडीवेडा
‘पहिले मराठी व्याकरण’ काढाच. रोममध्ये १७७८ ला छापलेलं पोर्तुगीज भाषेतलं मराठी व्याकरण आहे. ‘पहिलं’ हा शब्द तक्त्यावर आला की कुणीतरी हमखास चूक काढतो.

लिपीचाही घोळ आहे. १८०५ च्या व्याकरणात मराठी शब्द देवनागरी खिळ्यांत (छपाईच्या धातूच्या अक्षरांत) आहेत, मोडी खिळ्यांत छापला तो १८१० चा मराठी-इंग्रजी कोश. कोशाचं चित्र व्याकरणाच्या नावाखाली लागण्याची चूक इथूनच होते.

आणि पंडित वैजनाथांना विसरू नका. फोर्ट विल्यमचे मराठीचे पंडित तेच. १८१४ ची सिंहासन बत्तिशी आणि १८१५ चा हितोपदेश ही भाषांतरं त्यांची. कॅरीचं नाव मोठ्या टायपात आणि पंडितांचं तळाला बारीक, हे मला तरी पटत नाही. शोधताना वैजनाथ आणि वैद्यनाथ, कॅरी आणि केरी, सगळी रूपं टाकून पाहा.

नौपाडाकर
बापरे! श्रीरामपूरच्या मिशन छापखान्याला १८१२ मध्ये लागलेल्या आगीला जागा द्यावी का? ‘सगळं जळून खाक’ असं एके ठिकाणी वाचलं.

कोलशेतचा वाचक
द्या, पण ‘सगळं’ नको. ११ मार्च १८१२ ला छापखाना पेटला. कागद, हस्तलिखितं आणि तयार खिळे गेले. छपाईची यंत्रं आणि पोलादी ठसे मात्र वाचले. अक्षर आधी पोलादावर कोरतात, तो ठसा तांब्यावर ठोकून साचा करतात, मग साच्यात शिशाचा रस ओतून खिळा निघतो. खिळे वितळले तरी ठसा असला की त्याच धातूचे पुन्हा ओतता येतात. कामाचा खरा तोटा हस्तलिखितांचा, त्यांना ठसा नसतो. ही तीन टप्प्यांची आकृती काढलीत तर मुलं तिथेच थांबतील. ठसे कोरणारे पंचानन कर्मकार, त्यांचं नावही खाली द्या.

मोडीवेडा
मोडी शब्दासाठी नोटो सॅन्स मोडी हा फुकट फाँट चालेल. ‘कोश’ हाच शब्द घ्या, छोटा आहे आणि १८१० शी जुळतो. फ्लेक्सवाल्याकडे तो फाँट नसतो, मग अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन येतात. म्हणून अक्षरं कर्व्हमध्ये (म्हणजे फाँट न लागणाऱ्या रेषाचित्रात) बदलून पीडीएफ द्या आणि आधी एफोरवर प्रूफ काढा. दोन शब्द घेतलेत तर मधे शिरोरेघ तुटते. हाताच्या मोडीत रेघ आधी ओळभर आखतात, म्हणून ती फट वेगळी रेघ ओढून भरा. चित्राखाली ‘संगणकावर तयार केलेला नमुना’ लिहा, कोशातलं पान म्हणून खपवू नका.